टाकीला कुलूप लावण्याआधी तेलाच्या वाटा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये श्रॉपशरमधल्या एका खेड्यात नुकतंच घर घेतलं आहे. गावात गॅसची लाइन नाही, घर तेलाच्या बॉयलरवर गरम होतं. गॅरेजच्या मागे १२०० लिटरची एकपदरी, हिरवी प्लास्टिकची टाकी आहे आणि तिच्या पलीकडे लगेच रस्ता. मागच्या महिन्यात जवळच्या एका घरातलं तेल चोरीला गेलं. नवरा-बायको दोघंही दिवसा कामावर असतात, आणि डिसेंबरात चार आठवडे नागपूरला जायचं आहे. टाकीला कोणतं कुलूप घ्यावं?

कुलपाचं सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. टाकीतून गेलेलं तेल हे लहान नुकसान आहे. मोठं नुकसान जमिनीवर सांडलेल्या तेलाचं असतं. चोर घाईत असतो. त्याचे कॅन भरले की तो निघतो आणि तोटी, कापलेली नळी, भोक तसंच उघडं सोडतो. उरलेलं तेल रात्रभर मातीत मुरतं. हे तेल म्हणजे आपलं रॉकेलच. ते पातळ असल्यामुळे झपाट्याने खाली उतरतं, पायाखाली जातं आणि महिनोन्‌महिने घरात वास राहतो. जमिनीतून जाणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पाण्याच्या नळीतूनही ते झिरपतं आणि नळाच्या पाण्याला रॉकेलची चव येते. माती खणून काढायची वेळ आली तर खर्च तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून बंदोबस्त करताना प्रत्येक वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारा: याने चोराला उशीर होईल का? आणि त्याने तरीही हात घातलाच, तर तेल सांडेल का?

आता टाकीजवळ जाऊन उभे राहा आणि तेल बाहेर यायच्या वाटा मोजा. तुमच्यासारख्या टाकीला चार असतात: वरची झाकणं, पातळी दाखवणारी नळी, तळाची तोटी आणि तिच्यापुढची तांब्याची नळी, आणि खुद्द टाकीची भिंत.

सगळ्यात कच्ची वाट ती पातळी दाखवणारी नळी. टाकीच्या तळाशी पितळी एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड असतो, त्याच्यातून पारदर्शक प्लास्टिकची नळी उभी वर गेलेली असते आणि वर एका क्लिपमध्ये अडकवलेली असते. उन्हाने ती पिवळी पडते, कडक होते, एल्बोजवळ बारीक तडे जातात. ती क्लिपमधून काढून खाली वाकवली की तेल आपोआप वाहू लागतं, पंपसुद्धा लागत नाही. या नळीला तळाशी छोटा व्हॉल्व्ह असतो. तो फक्त पातळी बघताना उघडायचा आणि लगेच बंद करायचा असतो, पण बहुतेक घरांत तो वर्षानुवर्षं उघडाच सापडतो. आजच जाऊन बंद करा. काही व्हॉल्व्हना बटण असतं, दाबून धरलं तरच तेल नळीत चढतं. तो प्रकार बरा. पण खरा उपाय म्हणजे ही नळी पूर्ण काढून तिथे पितळी प्लग बसवणं आणि पातळी वरून मोजणं. हे काम टाकीत तेल असताना स्वतः करू नका. ऑफटेककडे नोंदणी असलेला तंत्रज्ञ बोलवा. ऑफटेक ही तिकडच्या तेल-हीटिंगवाल्यांची नोंदणी संस्था, आणि तिच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून जवळचा माणूस शोधता येतो.

दुसरी वाट तळाची तोटी. तिथून पुढे फिल्टर, आणि मग १० मिलिमीटरची तांब्याची नळी घराकडे जाते. तुमच्याकडे तोटी साधी फिरकीची असेल तर ती बदलून दांडीची, कुलूप लावता येणारी तोटी बसवून घ्या. लांब सुट्टीत ती बंद करून कुलूप लावता येतं, अर्थात हीटिंग पूर्ण बंद ठेवणार असाल तरच. तुमच्या बाबतीत तसं करता येणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. उघडी तांब्याची नळी भिंतीलगत, जमिनीच्या वर लोंबत असेल तर ती जाड पाइपात घालून घ्या. नळी जमिनीजवळ कापली गेली तर टाकीची पूर्ण उंची तिच्यावर दाब देते. मिनिटाला पाचच लिटर गेलं असं धरलं तरी १००० लिटर साडेतीन तासांच्या आत संपतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. घराच्या भिंतीपाशी जो फायर व्हॉल्व्ह असतो तो चोरीसाठी नाही. बॉयलरजवळ आग लागून तापमान वाढलं तर तो तेल तोडतो. त्याच्या आधी, टाकीच्या बाजूला नळी कापली तर त्याचा काही उपयोग नाही.

तिसरी वाट वरची झाकणं, आणि कुलूप इथे लागतं. प्लास्टिकच्या टाकीवर बऱ्याचदा दोन झाकणं असतात: तेल भरायचं २ इंची तोंड आणि तपासणीचं मोठं आटीचं झाकण. लोक भरायच्या तोंडाला महागडं कुलूप लावतात आणि मोठं झाकण तसंच मोकळं ठेवतात. चोराला नळी आत सोडायला तेच सोयीचं पडतं. दोन्हींचा बंदोबस्त करा. भरण्याच्या तोंडासाठी खास लॉकिंग कॅप मिळतात. टाकीच्या उत्पादकाच्या नावाने आणि मॉडेलने मागा, कारण आटी जुळल्या नाहीत तर पावसाचं पाणी आत जातं, आणि तेलातलं पाणी तळाशी बसून फिल्टर आणि बॉयलरचं नॉझल खराब करतं. कडी-कोयंडा बसवायला टाकीला भोकं पाडू नका. हमी जाते, आणि भोकाभोवती पुढे तडा पकडतो.

कुलूप घ्यायचं तर ज्याची कडी जवळपास पूर्ण झाकलेली असते तसं घ्या, म्हणजे कटर घालायला जागा राहत नाही. कडी १० मिलिमीटर किंवा जास्त जाडीची, अंग पितळी किंवा गंजरोधक, आणि किल्लीच्या भोकावर रबरी पापणी. उघड्यावरचं साधं लोखंडी कुलूप दोन हिवाळ्यांत जाम होतं. मग तेलाचा टँकर दारात उभा आणि कुलूप उघडत नाही. तीन महिन्यांतून एकदा वंगणाचा फवारा मारा. किल्ली कुंडीखाली ठेवू नका. ती जागा सगळ्यांना माहीत असते. तेल येण्याच्या दिवशी घरी कोणी नसेल तर आकड्यांचं कुलूप ठेवा, पुरवठादाराला तेवढ्यापुरता आकडा सांगा आणि तेल आल्यावर बदला. कुलूप-झाकण बसवताना टाकीचं हवेचं छिद्र कोणत्याही कारणाने बुजू देऊ नका. तेल भरताना आतली हवा आणि उपसताना बाहेरची हवा तिथूनच येते-जाते.

आणि चौथी वाट, टाकीची भिंत. प्लास्टिकला ड्रिलने भोक पाडायला एक मिनिट पुरतं. म्हणूनच म्हणतो की झाकणावर किल्ल्याच्या दरवाजाचं कुलूप लावून फार उपयोग नाही. कुलूप फारच भक्कम दिसलं की काही चोर सरळ भोकच पाडतात, आणि मग सगळं तेल जमिनीवर. मध्यम दर्जाचं चांगलं कुलूप घ्या आणि उरलेले पैसे पुढच्या गोष्टींवर खर्च करा.

टाकी पंधरा वर्षांच्या पुढची असेल, वरचा रंग उडून पांढरट पडला असेल, कोपऱ्यांत केसासारखे तडे दिसत असतील, तर तिच्यावर उपकरणं बसवत बसू नका. दुपदरी टाकी घ्या. तिथे तिला बंडेड म्हणतात: टाकीच्या आत टाकी. बाहेरच्या भांड्यात आतल्या टाकीच्या ११० टक्के तेल मावतं. तिचा दुहेरी फायदा आहे. भरायचं तोंड, मोजमाप आणि बहुतेक मॉडेलांत तोटी-फिल्टरसुद्धा एकाच मोठ्या झाकणाखाली येतात, त्यामुळे एका कुलपात तीन वाटा बंद होतात. आणि आतली टाकी गळली तर तेल बाहेरच्या भांड्यात राहतं. मात्र ड्रिल दोन्ही पदरांतून आरपार गेलं तर हा फायदा उरत नाही. त्यासाठी दुपदरी पोलादी टाकी आहे. महाग आहे, पण रस्त्यालगतच्या टाकीला ती शोभते. टाकीपासून १० मीटरच्या आत ओढा-नाला किंवा ५० मीटरच्या आत विहीर-बोअर असेल, तर नवी टाकी दुपदरीच बसवावी लागते.

जागेबद्दल. रस्त्यावरून टाकी दिसते हीच तुमची खरी अडचण. चोर आधी दिवसा फिरून बघतो आणि टँकर कोणाकडे आला हे लक्षात ठेवतो. झाकायचं ठरवलं की पहिला विचार लाकडी कुंपणाचा येतो, आणि तिथेच चूक होते. आगीच्या नियमाप्रमाणे लाकडी कुंपणासारख्या जळणाऱ्या हद्दीपासून टाकी ७६० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट लांब हवी. शेड, घराची दारं-खिडक्या आणि बॉयलरचं धुराडं यांच्यापासून १.८ मीटर, म्हणजे सहा फूट. एवढी जागा नसेल तर मध्ये निदान अर्धा तास आग अडवणारा आडोसा लागतो, आणि तो टाकीपेक्षा वर आणि दोन्ही बाजूंना ३०० मिलिमीटर जास्त हवा. विटांची किंवा काँक्रीट ब्लॉकची भिंत हे काम करते आणि चोरालाही अडवते. घराच्या हद्दीवरचं कुंपण साधारण २ मीटरपर्यंत, आणि वाहनांच्या रस्त्याला लागून असेल तर १ मीटरपर्यंत परवानगीशिवाय चालतं. त्यापुढे कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला विचारावं लागतं. जाळीचा पिंजरा करायचा तर लोखंडी करा, चारही बाजूंनी माणूस फिरून टाकी तपासू शकेल इतकी, निदान ६०० मिलिमीटर जागा आत सोडा, आणि वरून टँकरची नळी जाईल असं दार ठेवा.

रस्त्याच्या बाजूने काटेरी झुडपांचं कुंपण लावलंत तर ते स्वस्त आणि टिकाऊ. पायराकँथा, बर्बेरिस, हॉथॉर्न यांतलं काहीही चालेल. चार वर्षांत ते माणसाला ओलांडता न येण्याइतकं दाट होतं. फांद्या टाकीला टेकू देऊ नका. काचांचे तुकडे, लपवलेले खिळे, तारांचे सापळे अजिबात लावू नका. तिथल्या कायद्यात विनापरवाना आत आलेल्या माणसाच्या इजेचीही जबाबदारी घरमालकावर येऊ शकते, आणि रात्री कुंपणाशी आलेलं शेजारचं मूलही त्यात सापडू शकतं.

टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर टोकदार खडी पसरा. २० मिलिमीटरची, ५० मिलिमीटर जाडीचा थर, खाली जाड कापड. पाय पडला की फुटलेली खडी आवाज करते. तेल जड असतं हे लक्षात घ्या. लिटरला साधारण ८०० ग्रॅम म्हणजे १००० लिटर ८०० किलो. ते कोणी खांद्यावरून नेत नाही, गाडी टाकीच्या जितकी जवळ येईल तितकं बरं असतं. १२ व्होल्टचा साधा पंप मिनिटाला ४० लिटर खेचतो, म्हणजे १००० लिटरला पंचवीस मिनिटं. गाडी टाकीपासून ३० मीटर लांब थांबवायला लागली तर नळी लांब लागते, पंप मंदावतो, ये-जा वाढते. म्हणून तुमच्याकडे कुलपापेक्षा गेट जास्त महत्त्वाचं आहे. रस्त्याकडून गॅरेजमागे गाडी येते का? येत असेल तर तिथे कुलूप लागणारा, उचलून काढता न येणारा गेट किंवा काढता येणारा लोखंडी खांब घाला. गेटच्या बिजागऱ्या उलट-सुलट बसवा, वरची खाली आणि खालची वर तोंड करून, नाहीतर कुलपासकट गेट उचलून बाजूला ठेवता येतो.

दिवा लावायचा तर प्रखर फ्लडलाइट नको. मांजर गेलं तरी तो पेटतो, शेजारी वैतागतात आणि शेवटी कोणी बघत नाही. शिवाय त्याच्या झगमगाटाने मागची सावली आणखी काळी होते. संध्याकाळी आपोआप लागणारा, पहाटे बंद होणारा मंद एलईडी साधारण अडीच मीटर उंचीवर लावा, प्रकाश टाकीवर पडेल असा. कॅमेरा लावलात तर तो आपल्याच आवारावर रोखा. रस्ता किंवा शेजाऱ्याची बाग चित्रात आली की वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा घरगुती कॅमेऱ्यालाही लागू होतो. गाडीचा नंबर दिसायला हवा असेल तर कॅमेरा गेटच्या उंचीवर लागतो, छपराखाली लावलेल्यात फक्त टोप्या दिसतात.

आता इलेक्ट्रॉनिक मोजमाप. टाकीच्या वर छोटा सेन्सर बसतो, तो आवाजाची लहर तेलावर मारून परत यायला लागलेल्या वेळावरून पातळी काढतो आणि घरात प्लगमध्ये लावलेल्या डबीवर आकडा दिसतो. साधं गेज आणि चोरीची सूचना देणारं गेज यांत फरक आहे. साधं गेज ठरावीक अंतराने आकडा पाठवतं, पातळी अचानक पडली तरी ओरडत नाही. घेताना ‘अचानक घट झाली की अलार्म’ हे वैशिष्ट्य नाव घेऊन मागा. सेन्सर टाकीतल्या आडव्या पट्टीच्या किंवा नळीच्या वर बसला तर खोटा आकडा येतो. हिवाळ्यात सेन्सरच्या तोंडाशी बाष्पाचे थेंब साचले तरी तेच. उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही असतो. हे तेल तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगतं-आकसतं. १००० लिटरमागे १० अंशांचा फरक म्हणजे १० लिटर. तेवढ्याने घाबरू नका.

किती घटीने घाबरायचं, त्याचा हिशोब मात्र आधी करून ठेवा. तुमचा बॉयलर २० किलोवॅटचा धरू. एक लिटर तेलात साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के. म्हणजे न थांबता चालला तरी तासाला सव्वादोन लिटरच्या आत, चोवीस तासांत ५० लिटरच्या आसपास. एका दिवसात याहून जास्त गेलं तर ते बॉयलरने जाळलेलं नाही. एक तर गळती, नाही तर चोरी. टाकीचा तळ मोजा. समजा १.८ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद, तर एका सेंटीमीटरला जवळपास ११ लिटर. म्हणजे दिवसात पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरलं की टाकीपाशी धाव घ्या. लाकडी दांडी घेऊन दर रविवारी पातळी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. इलेक्ट्रॉनिक गेज असलं तरी ही वही ठेवा. विमा कंपनीपुढे हीच उपयोगी पडते.

तेल एकदम किती भरायचं यातही बंदोबस्त आहे. बहुतेक पुरवठादार ५०० लिटरपेक्षा कमी देत नाहीत. उन्हाळ्यात स्वस्त मिळालं म्हणून टाकी काठोकाठ भरून महिनाभर बाहेर जाणं म्हणजे सगळं एकाच ठिकाणी उघड्यावर ठेवणं. मार्च २०२२ मध्ये भाव लिटरला एक पौंडाच्या पुढे गेले तेव्हा भरलेली टाकी म्हणजे हजार पौंडांहून जास्त रक्कम अंगणात उभी होती. गावात तेल एकत्र मागवणारा गट असेल तर त्यात जरूर सामील व्हा. भाव कमी मिळतो आणि टँकर एकाच दिवशी सगळीकडे गेल्याने एकाच घराकडे लक्ष जात नाही.

तुमच्या डिसेंबरबद्दल. हीटिंग पूर्ण बंद करून तोटीला कुलूप लावावं असं वाटेल, पण तिथल्या थंडीत पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि बऱ्याच विमा पॉलिसींत हिवाळ्यात रिकामं घर ठरावीक तापमानाला गरम ठेवण्याची अट असते. म्हणजे बॉयलर चालू राहणार, तोटी उघडी राहणार. म्हणून जाताना टाकीत गरजेपुरतंच तेल ठेवा: मंद तापमानावर दिवसाला पाच-सात लिटर धरून चार आठवड्यांना २०० लिटर, वर थोडं जास्त. तळातला गाळ ओढला जाऊ नये म्हणून फार खालीही नेऊ नका. फोनवर सूचना देणारं गेज घ्या. मात्र तिथे रात्री दोन वाजले असताना नागपुरात सकाळचे साडेसात झालेले असतात. सूचना आली तर तिथे जाणार कोण हे आधी ठरवा. शेजाऱ्याला किल्ली, तोटीची जागा आणि ती कुठे फिरवून बंद करायची हे प्रत्यक्ष दाखवून ठेवा. तातडी नसताना तिथल्या पोलिसांना लावायचा १०१ हा क्रमांक भारतातून लागत नाही, त्यामुळे तिथल्या पोलीस दलाचा +४४ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक फोनमध्ये ठेवा.

विम्याची पॉलिसी उघडून तीन गोष्टी शोधा: तेलाची चोरी आणि तिची कमाल रक्कम, सांडलेलं तेल आपल्या स्वतःच्या जमिनीतून साफ करण्याचा खर्च, कारण काही पॉलिसींत फक्त शेजाऱ्याच्या नुकसानीचा असतो, आणि घर किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं. ही मर्यादा बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते.

इतकं करूनही चोरी झालीच तर आधी तोटी बंद करा. प्लास्टिकला तडा किंवा लहान भोक असेल तर अंगाच्या साबणाची वडी त्यावर घट्ट घासून भरा. तात्पुरतं थांबतं. खाली बादली, टब, जे मिळेल ते लावा. सांडलेल्या तेलावर वाळू, माती किंवा मांजरांसाठी मिळणारे शोषक खडे टाका आणि गटाराचं तोंड मातीने बांधून घ्या. पाणी मारू नका, साबणाच्या पाण्याने धुऊ नका. त्याने तेल फक्त पुढे आणि खोल जातं. तेल ओढ्यात, गटारात किंवा जमिनीत गेलं असेल तर इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा चोवीस तासांचा क्रमांक ०८०० ८० ७० ६० आहे. चोर तिथेच असेल तर पोलिसांना ९९९ लावा, निघून गेला असेल तर १०१. विमा कंपनीला कळवण्याआधी माती उकरू नका, फोटो काढा.

बॉयलर बंद पडला असेल तर रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. नळीत हवा शिरलेली असते, आणि थोडंबहुत तेल आलं तर प्रत्येक दाबाला न जळता ते बॉयलरच्या पोटात साचतं आणि पेटताना भडका उडतो. नवीन तेल आल्यावर किमान दोन तास गाळ बसू द्या, फिल्टर बदलून घ्या, नळीतली हवा तंत्रज्ञाकडून काढून घ्या, आणि मगच बॉयलर सुरू करा.